विस्थापन प्रति अणू

काच मीटरभर जाड, शिसं मिसळलेली, मधासारखी पिवळी.
तिच्या पलीकडे माझे दुसरे हात,
पोलादी, दोन बोटांचे, माझ्याहून धीमे.
एतू नवा होता तेव्हा त्याला आठवडाभर
काडेपेटीतल्या काड्या रचायला लावल्या होत्या,
मग उकडलेलं अंडं सोलायला.
अंडं चेचलं की शिवी हासडायचा
आणि माइक चालू आहे हे विसरायचा.

बाहेर खाडी गोठलीय.
कुणीतरी कुत्र्याला घेऊन तिच्यावरून स्कीवर चाललंय.

मंगळवारी कुपी आली.
बोटाएवढे बारा तुकडे, अणुभट्टीच्या भिंतीचे सख्खे,
त्याच भट्टीतले, त्याच घडणीचे,
फक्त गाभ्याच्या जास्त जवळ टांगलेले,
म्हणजे भिंतीआधी म्हातारे होतील
आणि आम्हाला तिचं पुढचं कळेल.

एकेक तुकडा ठेवायचा, लोलक सोडायचा.
धडधाकट पोलाद तुटताना ओढ घेतं,
कडा राखाडी, दोरखंडासारखी पिंजलेली.
थकलेलं एका फटक्यात जातं,
आतून चकचकीत, खडीसाखरेसारखं.
आम्ही इथे चकाकीला घाबरतो.

तक्त्यात एक रकाना असतो: विस्थापन प्रति अणू.
न्यूट्रॉन आदळतात, अणू जागेवरून उडतात,
मागे पोकळी राहते,
उडालेला कुठेतरी दोघांच्या मध्ये अंग चोरून बसतो.
बहुतेक परततात. स्वतःच्याच जागेवर असं नाही,
जी रिकामी दिसेल तिच्यावर.
जुन्या भिंतीत दहांतला एखादा.
नव्या मिश्रधातूकडून मागतात ते वेगळंच:
प्रत्येकाने शंभरदा उठावं
आणि तरी धातूने धातू राहावं.

हा नवा शुक्रवारी तपासला.
लोखंड, क्रोमियम आणि चिमूटभर यिट्रियमची राख,
चाळीस तास गोळ्यांच्या गिरणीत दळलेली,
मग दाबून, तापवून एकजीव,
म्हणजे एकजीव नाहीच.
आत अब्जावधी कण, अगणित शिवा,
हेलियमचा बुडबुडा फुगण्याआधी त्यांच्यात अडकतो,
भटका अणू आणि भटकी पोकळी तिथेच गाठ घेतात.
निर्मळ, अखंड स्फटिक आधी सुजतो.
हे मला तिशीत कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

लोलक गेला, आणि अडला.
तुकडा वाकून दोन खुंट्यांत रुतून बसला.
एतू म्हणाला, मशीन बिघडलं.
दोन पोलादी बोटांनी तो सोडवायला मला वीस मिनिटं लागली.

शनिवारी आईकडे. लेम्पी, अठ्ठ्याऐंशी,
वृद्धाश्रमाच्या खिडकीशी,
राय पिठाच्या पाऱ्यांना मुरड घालत,
डोळे कामातून गेलेत, बोटं नाहीत.
नेहमीचा प्रश्न: काय तोडलंस या आठवड्यात?
तुटलं नाही, म्हटलं. वाकलं नुसतं.
मग सगळं सांगितलं, पोकळ्या, शिवा, शंभरदा उठणं.

ती ऐकून घेते. ती स्वतः दोनदा उठली होती,
लाडोगाकाठून, गुरांच्या डब्यातून,
एकदा तिसऱ्या वर्षी,
एकदा आठव्या, मधे घरी परतून
चुलीवर परक्याचं भांडं बघून.
त्याबद्दल कधी बोलत नाही. आज म्हणाली:
सावोतल्या त्या मालकिणीने आम्हाला सौना दिला राहायला.
नऊ माणसं. ऊब होती, तक्रार नाही.
पण शनिवारी त्यांची आंघोळ असायची.
पोरंबाळं, गाठोडी, आजोबा, सगळं बाहेर,
लाकडांच्या ढिगाऱ्यामागे उभं राहायचं
वाफ थांबेपर्यंत.

पीठ झटकलं. पुढची पारी घेतली.
तुझे ते अणू, म्हणाली,
शनिवारी कुठे जातात?

मी अंड्याचं लोणी कालवत होते.
बराच वेळ कालवलं.
बघून सांगते, म्हटलं.